नाणे टाका, गाणे ऐका

रेल्वेच्या फलाटावर उभी असणारी वजनाची यंत्रे वाचकांना आठवत असतील. रंगीत दिवे लुकलुकत असत, काचेमागे एक चकती गरगरत असे. नाणे टाकले की आत काहीतरी खडखडे आणि वजन छापलेले जाड तिकीट खालच्या खाचेत पडे. मागच्या बाजूला भविष्य! लहानपणी आम्हांला वजनापेक्षा भविष्यातच अधिक रस असे. नाणे आत पडल्यावर नेमके काय घडते, हा प्रश्न मात्र तेव्हा सुचला नाही. तो सुचला फार उशिरा, आणि तोही एका वेगळ्याच यंत्रामुळे.

माझा एक वर्गमित्र अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात राहतो. त्याला जुनी ध्वनियंत्रे जमवण्याचा नाद आहे. काही वर्षांपूर्वी त्याचा फोन आला. "तू धातूंवर काम करतेस ना? मग मला सांग, एखादे यंत्र खरोखरच सव्वाशे वर्षांपूर्वीचे आहे की नाही, हे कसे ओळखायचे?" त्याला नाणे टाकून चालणारा एक फोनोग्राफ विकत मिळत होता. नाण्याची यंत्रणा नसलेला तसाच फोनोग्राफ जेवढ्याला मिळेल, त्याच्या कितीतरी पट किंमत विक्रेता सांगत होता. मित्राची बरीचशी शिल्लक त्यात जाणार होती. योगायोगाने मी एका परिषदेसाठी तिकडे जाणारच होते. मग प्रत्यक्ष पाहूनच सांगते, असे मी कबूल केले आणि आधी थोडा अभ्यास केला.

एडिसनने फोनोग्राफचा शोध १८७७ मध्ये लावला, हे आपण शाळेत शिकवतो. त्या पहिल्या यंत्रात ध्वनी कथलाच्या पातळ पत्र्यावर उमटत असे आणि चार-दोनदा वाजवला की पत्रा निकामी होई. चिचेस्टर बेल आणि चार्ल्स टेंटर यांनी मेणावर ध्वनी कोरण्याची पद्धत काढली, तिचे पेटंट १८८६ चे. मग एडिसनही जागा झाला आणि १८८८ मध्ये त्याने मेणाच्या वृत्तचितीवर चालणारे सुधारित यंत्र आणले. (त्याला मेण म्हणतात खरे, पण रसायनशास्त्राच्या दृष्टीने तो मुख्यतः स्टिअरिक आम्लापासून बनवलेला धातूंचा साबण असतो.) ही पोकळ वृत्तचिती साधारण पाणी प्यायच्या लहान पेल्याएवढी असते. तिच्यावर एका इंचात शंभर या हिशेबाने खाचेचे वेढे असतात आणि ध्वनीनुसार खाचेची खोली कमीजास्त होते. दोन मिनिटांत चिती संपते.

हे यंत्र कशासाठी होते? गाण्यासाठी मुळीच नव्हते. जेसी लिपिनकॉट नावाच्या उद्योगपतीने १८८८ मध्ये त्याचे हक्क मिळवून नॉर्थ अमेरिकन फोनोग्राफ कंपनी काढली. साहेबाने यंत्रात मजकूर सांगायचा आणि कारकुनाने तो नंतर ऐकून टंकलिखित करायचा, अशी कल्पना होती. यंत्रे कचेऱ्यांना भाड्याने दिली जात. पण ती नाजूक आणि सारखी बिघडणारी; शिवाय लघुलेखकांना ती आपल्या पोटावर पाय आणणारी वाटली. धंदा बसू लागला.

सॅन फ्रान्सिस्कोतील पॅसिफिक फोनोग्राफ कंपनीचा व्यवस्थापक लुई ग्लास याने यातून वेगळी वाट काढली. कचेरीसाठीच्याच एका विजेच्या फोनोग्राफला त्याने नाण्याची यंत्रणा जोडली आणि २३ नोव्हेंबर १८८९ रोजी तो पॅले रॉयाल या मद्यगृहात ठेवला. तेव्हा ध्वनिवर्धक नव्हते, आवाज क्षीण. म्हणून डॉक्टरांच्या स्टेथॉस्कोपसारख्या चार नळ्या लावल्या. प्रत्येक नळीला स्वतंत्र नाणे टाकायचे: पाच सेंटचे, ज्याला तिकडे निकेल म्हणतात. सहा महिन्यांच्या आत त्या एका यंत्राने एक हजार डॉलरहून अधिक कमाई केली. म्हणजे निदान वीस हजार नाणी! पुढच्या वर्षी शिकागोत भरलेल्या फोनोग्राफ कंपन्यांच्या परिषदेत ग्लासने हे आकडे सांगितले आणि मग ठिकठिकाणी अशी यंत्रे दिसू लागली. आपल्या यंत्राचे खेळणे झालेले खुद्द एडिसनला आवडले नव्हते, हा भाग वेगळा. लिपिनकॉटची कंपनी १८९४ मध्ये दिवाळखोरीत गेली, नाण्याची यंत्रे मात्र तगली.

आता यंत्रात नाणे काय करते ते पाहू. पाच सेंटच्या नाण्याचे वस्तुमान बरोबर ५ ग्रॅम आहे. ते १० सेंटिमीटर खाली पडले, तर त्यातून मिळणारी ऊर्जा ०.००५ × ९.८ × ०.१, म्हणजे सुमारे ०.००५ ज्यूल. एवढ्याशा ऊर्जेवर दोन मिनिटे फोनोग्राफ फिरणे अशक्य. ते काम अडीच व्होल्टची विजेची मोटर करते. नाणे एका हलक्या तरफेच्या टोकावर पडते, तरफ कलते आणि विद्युतमंडल पूर्ण होते. सुई बसवलेला गाडा एका बारीक आट्यांच्या दांड्यावरून पुढे सरकत राहतो. शेवटाला पोचला की तो एका खिट्टीला ढकलतो. मंडल तुटते, गाडा उचलला जाऊन मूळ जागी परततो आणि नाणे गल्ल्यात पडते. नाण्याच्या वजनाने तरफ कलवण्याची युक्ती अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने पहिल्या शतकात देवळातल्या तीर्थाच्या यंत्रासाठी वर्णिलेली आहे. ग्लासने नवीन केले ते तिला विजेची जोड देणे.

पुढे चावीवर चालणारी यंत्रेही निघाली. कोलंबिया कंपनीचा १८९८ चा बीएस, एडिसनचे बिजू आणि एक्सेलसिअर ही संग्राहकांत प्रसिद्ध असलेली काही नावे. रेजिना कंपनीच्या हेक्साफोनमध्ये सहा वृत्तचित्या असत आणि गिऱ्हाईक त्यांतली हवी ती निवडू शके. शिकागोच्या जॉन गेबल याच्या १९०६ मधील यंत्रात तर चोवीस तबकड्या होत्या. त्याच यंत्रात खोटी नाणी पकडण्यासाठी लोहचुंबक बसवलेला होता. निकेल नाण्यात ७५ टक्के तांबे आणि २५ टक्के निकेल असते. निकेल धातू चुंबकाला चिकटतो, पण एवढे तांबे मिसळले की नेहमीच्या तापमानाला तो गुण उरत नाही. म्हणजे खरे नाणे चुंबकापुढून सरळ निघून जाते आणि लोखंडाची चकती अडकते. हा प्रयोग वर्गात सहज करता येईल. १९९१ पर्यंतचे तांबे-निकेलचे एक रुपयाचे नाणे आणि १९९२ नंतरचे स्टेनलेस स्टीलचे नाणे घ्यावे आणि दोन्हींजवळ चुंबक नेऊन पाहावा.

अशी यंत्रे आज दुर्मीळ आहेत, याचे कारण समजण्यासारखे आहे. घरातला फोनोग्राफ लोक जपून वापरत आणि नंतर माळ्यावर ठेवून देत. मद्यगृहातल्या यंत्राला दिवसभर हिसके बसत, आणि कमाई थांबली की मालक ते मोडीत काढी. याउलट, नाण्याची यंत्रणा नसलेले एडिसनचे तेच विजेचे यंत्र, ज्याला संग्राहक क्लास एम म्हणतात, अधूनमधून मिळते. तेव्हा साध्या यंत्राला नवी यंत्रणा बसवून ते दुर्मीळ म्हणून विकण्याचा मोह होणारच. इथे खरी पंचाईत ही, की ग्लासनेही नेमके हेच केले होते! कचेरीच्या तयार यंत्रालाच त्याने वरून जोडणी केली. १८९० मध्ये त्याने आणि विल्यम आर्नल्ड याने घेतलेले पेटंटसुद्धा फोनोग्राफला जोडायच्या उपकरणाचेच आहे. त्यामुळे यंत्रणा नंतर बसवलेली दिसते, पेटीत जादा भोके पाडली आहेत, एवढ्याने काही ठरत नाही. ती कधी बसवली, हा प्रश्न आहे.

मित्राच्या घरी पोचले तेव्हा यंत्र त्याच्या तळघरात होते. विक्रेत्याने आठ दिवस पाहण्यासाठी ठेवून घ्यायची परवानगी दिली होती. ओक लाकडाची उंच पेटी, वर काच, आत चकचकीत यंत्र. माझ्याजवळ दहापट मोठे दाखवणारे भिंग, लहान चुंबक, व्हर्नियर कॅलिपर आणि अतिनील प्रकाशाचा एक टॉर्च होता.

तपासाला बसताना एक गोष्ट मी मित्राला आधीच सांगितली. यंत्र अस्सल आहे, असे आपल्याला सिद्ध करता येणार नाही. एखादा भाग त्या काळचा असूच शकत नाही, एवढे मात्र सिद्ध करता येईल. असे पुरावे शोधूनही सापडले नाहीत, तर विश्वास वाढतो इतकेच. विज्ञानात आपण कोणत्याही सिद्धान्ताची परीक्षा अशीच घेतो. विद्यार्थ्यांना हे तत्त्व अमूर्तपणे सांगितले की ते कंटाळतात. पण एखादा खोटा गणपती खरा म्हणून समोर ठेवला, तर तेच विद्यार्थी तासभर हटणार नाहीत.

सुरुवात सोप्या गोष्टींपासून केली. चार फुल्यांच्या खाचेचे स्क्रू कुठे आहेत का? हे फिलिप्स स्क्रू १९३० नंतरच्या दशकात आले, त्यामुळे मूळ यंत्रात ते असू शकत नाहीत. नव्हते. मुलामा क्रोमियमचा आहे की निकेलचा? क्रोमियमचा मुलामा १९२० नंतरच्या दशकात कारखान्यांतून रूढ झाला. क्रोमियम निळसर चमकतो, निकेल किंचित पिवळट, उबदार दिसतो. दोन चमचे शेजारी ठेवले की फरक कळतो. इथे निकेल होते. शंका असेल तर क्ष-किरण प्रतिदीप्तीचे हातात धरायचे उपकरण मिनिटभरात मूलद्रव्ये सांगते, पण त्याची गरज भासली नाही.

खोली अंधारी करून अतिनील प्रकाश टाकला. पेटीचे पॉलिश मंद नारिंगी उजळले. हे लाखेचे लक्षण. त्या काळी जगाला लागणारी बहुतेक लाख भारतातूनच जात असे, म्हणजे अमेरिकी पेटीवरचा हा थर आपल्याकडच्या पळस-कुसुंबावरून आलेला असण्याचाच संभव अधिक. कोपऱ्यात अल्कोहोलचा एक थेंब टेकवला, तर थर चिकट झाला. लाख अल्कोहोलात विरघळते, पॉलियुरेथेन विरघळत नाही. पुढच्या बाजूची 'नाणे टाका' अशा अर्थाची छापील सूचना मात्र झगझगीत निळी-पांढरी दिसू लागली. कागद अधिक पांढरा दिसावा म्हणून घालतात ती प्रतिदीप्त रसायने साधारण १९५० च्या सुमारास वापरात आली. आपल्या कपड्यांच्या साबणातही तीच असतात. सूचनापत्र नवे होते. मित्राचा चेहरा उतरला. पण सूचनापत्रे फाटतात, बदलली जातात, त्यावरून यंत्राला नावे ठेवता येत नाहीत.

काचेने चकवले. हल्लीची काच वितळलेल्या कथलावर तरंगवून करतात. ही पद्धत पिल्किंग्टन कंपनीने १९५९ मध्ये जाहीर केली. अशा काचेची कथलाकडची बाजू कमी तरंगलांबीच्या अतिनील प्रकाशात दुधाळ उजळते. माझा टॉर्च लांब तरंगलांबीचा, त्यामुळे ही परीक्षा करता आली नाही. पण काचेतून पलीकडची खिडकी पाहिली, तेव्हा चौकटीच्या रेषा नागमोडी हलत होत्या. जुन्या काचेत असे दिसते.

मग नाण्याच्या यंत्रणेकडे वळलो. ती चार स्क्रूंनी पेटीच्या आतल्या फळीवर बसवली होती आणि आणखी स्क्रूंनी तिचे भाग एकमेकांना जोडलेले होते. एक स्क्रू काढून त्याचे आटे मोजले. एकेक आटा मोजण्यात चूक होते म्हणून दहा आट्यांची लांबी घेतली: ७ मिलिमीटर. म्हणजे एका आट्याचे अंतर ०.७ मिलिमीटर, जाडी ४ मिलिमीटर. हा तर आपल्या कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा एम-४! अमेरिकेत त्या काळी सगळे इंचात चाले. त्याच्या जवळपासच्या अमेरिकी स्क्रूला इंचाला ३२ आटे असतात, म्हणजे दहा आट्यांना ७.९ मिलिमीटर. जवळजवळ एक मिलिमीटरचा फरक, शाळेच्या पट्टीनेही कळण्याजोगा.

"स्क्रू काय, कोणीही बदलेल," मित्र म्हणाला. त्याचे म्हणणे बरोबर होते. म्हणून स्क्रू सोडून ज्या पितळी भोकात तो बसला होता ते पाहिले. स्क्रू बदलता येतो, पण भोकात पाडलेले आटे भागाबरोबरच जन्मतात. एम-४ सहज आणि घट्ट बसत होता, भोक मोठे करून पुन्हा आटे पाडल्याची खूण नव्हती, आणि सहाही भोके तशीच. पितळ काळपट होते, पण सगळीकडे सारखे. खऱ्या वापरात बोटांनी, नाण्यांनी घासणारी जागा उजळ राहते आणि कोपरे काळवंडतात. शिवाय नाणे घसरत जायची पन्हळ! हजारो नाणी गेली असती, तर तिथे दोन पुसट चर पडले असते. कडा कानशीने घासल्यासारख्या कोऱ्या होत्या. रसायनाने काळे केलेले हे नवे पितळ होते.

इथपर्यंत आल्यावर आम्ही दोघांनी ठरवूनच टाकले की हे साधे क्लास एम आहे आणि यंत्रणा अलीकडे लावलेली आहे. चहा झाला. मित्राने विक्रेत्याला कळवायचे म्हणून फोनही हातात घेतला. मी आपली शेवटचे म्हणून यंत्रणा संपूर्ण उतरवली आणि तिच्यामागची फळी पाहू लागले. झाकलेला आणि उघडा भाग एकाच रंगाचा होता, हे अपेक्षितच होते. यंत्रणा तिथे शंभर वर्षे असती तर तिचा ठसा लाकडावर उठला असता. पण नव्या भोकांपासून दोन-तीन सेंटिमीटरवर आणखी चार जागा होत्या. लाकडाच्या खुंट्या ठोकून बुजवलेली जुनी भोके. आणि त्या प्रत्येकीभोवती निळसर काळे वर्तुळ होते.

ओकच्या लाकडात टॅनिन भरपूर असते. लोखंडाचा स्क्रू त्यात वर्षानुवर्षे राहिला आणि हवेतला ओलावा मिळाला, की लोह आणि टॅनिन यांचे काळे संयुग बनते. आपल्याकडे हिरडा आणि हिराकस यांची शाई करत, तीच ही अभिक्रिया. हिरड्यात टॅनिन, हिराकशीत लोह. नव्या भोकांभोवती लाकूड स्वच्छ होते; बुजवलेल्या भोकांभोवती शाई खोलवर मुरली होती. हिराकस लावून असे डाग पाडता येतात, हे खरे. पण यंत्रणेच्या मागे, कोणी पाहणार नाही अशा जागी, आणि तेही बुजवलेल्या भोकांना, असे सोंग कोण आणि कशासाठी करील? फळीच्या खालच्या कडेला एक उभी खाचही होती, आतून गुळगुळीत झालेली. गल्ल्याकडे जाणारी पन्हळ तिथून जात असावी.

म्हणजे या पेटीत पूर्वी खरोखरच नाण्याची यंत्रणा होती. ती केव्हातरी काढली गेली, भोके बुजवली गेली, आणि अलीकडे कोणीतरी दुसऱ्याच घाटाची यंत्रणा तिथे बसवली. विक्रेत्याचे म्हणणे अर्धे खरे होते. ज्याने यंत्रणा लावली त्याला तरी हे ठाऊक होते की नाही, कोण जाणे! आम्ही चहा घेऊन थांबलो असतो, तर चुकीच्या निष्कर्षावरच थांबलो असतो.

अशा कामात कार्बन-१४ ची परीक्षा का करत नाहीत, असे विद्यार्थी हमखास विचारतात. कार्बन-१४ चे अर्धायुष्य ५७३० वर्षे आहे. १३० वर्षांत त्यातला जेमतेम १.६ टक्के ऱ्हास पावतो. शिवाय १६५० ते १९५० या काळात वातावरणातले त्याचे प्रमाण असे वरखाली झाले आहे, की एकाच मोजमापाला अनेक साले जुळतात. १९५५ नंतर अणुचाचण्यांमुळे हवेतला कार्बन-१४ एकदम वाढला. त्यानंतर वाढलेले लाकूड मात्र चटकन ओळखू येते. पण जुन्या कपाटाच्या फळ्या वापरून नवी पेटी केली, तर ही परीक्षाही फसेल. तिथे भिंग आणि पट्टीच बरी.

आपल्याकडच्या जुन्या बाजारांत पितळी कर्ण्याचे ग्रामोफोन दिसतात, त्यांना याच कसोट्या लावून पाहाव्यात. त्यांतले बरेचसे अलीकडे जुळवलेले असतात: कर्णा नवा, पेटी नवी, आतली मोटर एखाद्या जुन्या सुटकेसवजा ग्रामोफोनची आणि वर कुत्र्याचे चित्र. शोभेची वस्तू म्हणून घ्यायला हरकत नाही. त्या चित्राचीही एक गंमत आहे. फ्रान्सिस बॅरो या चित्रकाराने आधी कुत्र्यासमोर वृत्तचितीचा फोनोग्राफ काढला होता. ग्रामोफोन कंपनीने १८९९ मध्ये चित्र घ्यायचे ठरवले, तेव्हा तिच्या सांगण्यावरून त्याने त्यावर तबकडीचा ग्रामोफोन रंगवला. मूळ चित्रावर तिरपा प्रकाश टाकला, तर खालचा फोनोग्राफ आजही जाणवतो.

मित्राने विक्रेत्याला बुजवलेल्या भोकांची आणि एम-४ स्क्रूंची छायाचित्रे दाखवली. काही दिवस बोलणी चालली आणि सांगितलेल्या किमतीच्या निम्म्याहून कमी पैशात यंत्र त्याचे झाले. मी एकच अट घातली: पेटी घासून नवे पॉलिश करायचे नाही. तसे केले तर लाख, डाग, ठसे, सगळा पुरावाच जाईल. नवी यंत्रणा त्याने राहू दिली, पण खालच्या बाजूला दिसेल न दिसेल असा सालाचा शिक्का मारून, म्हणजे पन्नास वर्षांनी दुसरा कोणी फसायला नको. जुनी मेणाची वृत्तचिती दर वेळी झिजते म्हणून हल्ली नव्या पदार्थात बनवतात तशी एक त्याने आणली.

निघण्याच्या दिवशी विमानतळाकडे जाण्यापूर्वी मी पर्समधून पाच सेंटचे नाणे काढले. त्याचे वजन, आकार आणि मिश्रधातू ग्लासच्या काळापासून तेच आहेत, त्यामुळे यंत्राला काही फरक पडत नाही. नळ्या कानाला लावल्या, नाणे टाकले. खाली खट्ट झाले, मोटर घुमू लागली आणि फार लांबून, माठात तोंड घालून वाजवावा तसा, एक बँड ऐकू आला.